मासा ताजाच होता

जपानला निघालेलं ओळखीचं कुणी असलं की फोन येतो, आणि बोलता बोलता हमखास विचारलं जातं, "टुरिस्ट जात नाहीत असं एखादं छोटंसं सुशीचं दुकान सांग ना." मागणी रास्त आहे. मला स्वतःलाही टोकियोतली तीच दुकानं आवडतात. गल्लीत आत, दारावर निळा कापडी पडदा, सात-आठ खुर्च्या, काउंटरपलीकडे एक वयस्कर माणूस आणि चहा आणून देणारी त्याची बायको. इंग्रजी मेनू नाही, फोटो नाहीत. पण पत्ता देण्याआधी हल्ली मी आणखी थोडं सांगते, आणि ते ऐकून घेतल्याशिवाय पत्ता देत नाही. फोनवर ते घाईत होतं, म्हणून इथे नीट लिहिते आहे.

आम्ही राहतो निशिकासाईला. टोकियोत भारतीयांची दाट वस्ती असलेला हा भाग, आणि त्यात मराठी घरं पुष्कळ. आमच्याच तोझाई लाइनवरच्या एका स्टेशनामागे असं एक दुकान आहे. मी मूळची रत्नागिरीची. मासा घरात रोजचा, पण कच्चा मासा खायला मी शिकले ती याच काउंटरवर. दुकानाच्या मालकाला सगळे 'ताइशो' म्हणतात, तसं मीही म्हणते.

एकदा तिथे गेले तेव्हा शरद ऋतू भरात होता आणि साबा, म्हणजे आपल्या बांगड्याचा थोरला भाऊबंद, चरबीने भरलेला होता. ताइशोंनी शिमे-साबा पुढे केला. पद्धत जुनी आहे. साबाच्या तुकड्यांना भरपूर मीठ लावून पाणी सुटू द्यायचं, मग मीठ धुऊन तांदळाच्या व्हिनेगरमध्ये बुडवायचं, आणि वरचा पातळ पापुद्रा बोटांनी सोलून काढायचा. कापल्यावर कडेला दुधाळ पांढरा आणि मधोमध गुलाबी, पाठीवर निळ्या-चंदेरी रेघा. वर किसलेलं आलं आणि बारीक चिरलेली कांद्याची पात. मासा सकाळीच तोयोसूच्या बाजारातून आला होता आणि तो फ्रीझरमध्ये गेलेला नव्हता, हे ताइशोंनी अभिमानाने सांगितलं. चव अप्रतिम होती, हे आजही म्हणेन.

मध्यरात्र उलटली आणि बेंबीच्या वर कळ उठली. कळ यायची, पिळवटून टाकायची, थोडी ओसरायची आणि पुन्हा यायची. उलटी होईना, जुलाब नाहीत, ताप नाही. भारतात फोन लावला तर सासूबाई म्हणाल्या पित्त झालं असेल, ओवा खा. ओवा खाल्ला, कळ थांबली नाही. पहाटे नवऱ्याने ११९ फिरवून ॲम्ब्युलन्स बोलावली.

हॉस्पिटलातल्या तरुण डॉक्टरांनी पोटाला हात लावण्याआधीच विचारलं, "काल साबा, इका किंवा कात्सुओ कच्चा खाल्ला होता का?" इका म्हणजे माकूल, कात्सुओ म्हणजे ट्युनाच्या जातीचा एक मासा. हो म्हटल्यावर त्यांनी मान हलवली आणि एन्डोस्कोपीची तयारी केली. नळी घशातून आत गेली. मॉनिटर माझ्या बाजूलाच वळवलेला होता. जठराची गुलाबी, ओली भिंत दिसत होती, तिची एक घडी सुजून लाल झालेली, आणि त्या सुजेत डोकं खुपसून बसलेला एक पांढरा दोरा. शिवणाच्या जाड दोऱ्याएवढाच, दोनेक सेंटिमीटर लांब. पण तो वळवळत होता. नळीतून एक इवलासा चिमटा पुढे आला, त्याने तो अगदी डोक्याजवळ पकडला आणि ओढून काढला. काही वेळातच कळ उतरली. बाटलीतल्या पाण्यात तो जंत मला दाखवला तेव्हाही तो जिवंत होता.

त्याचं नाव आनिसाकिस. पूर्ण वाढलेला जंत देवमासे आणि डॉल्फिन यांच्या पोटात राहतो. त्याची अंडी समुद्रात पडतात, अळ्या झिंग्यासारख्या बारीक क्रिलमध्ये शिरतात, क्रिल मासे खातात, मासे देवमासा खातो आणि चक्र पूर्ण होतं. माणूस या वाटेवर चुकून येतो. आपल्या पोटात त्याची वाढ होत नाही, काही दिवसांत तो आपोआप मरतो, पण तोवर जठराच्या किंवा आतड्याच्या भिंतीत घुसायचा प्रयत्न करतो आणि त्यातून त्या कळा येतात. खाल्ल्यापासून काही तासांत, सहसा बारा तासांच्या आत, त्रास सुरू होतो. जंत आतड्यात उतरला तर एखाददोन दिवस उशिराही होतो. जपानमध्ये अन्नविषबाधेच्या जेवढ्या घटना सरकारदरबारी नोंदल्या जातात, त्यांत अलीकडे बरीच वर्षं हा जंत पहिल्या क्रमांकावर आहे. बहुतेक घटना एकट्यादुकट्या माणसाच्या असतात, त्यामुळे बाहेरच्यांना त्याची गंधवार्ता नसते.

आता जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. आम्ही कोकणातली माणसं मासा कसा घेतो? कल्ले उघडून लाल आहेत का बघतो, डोळे चमकदार आहेत का बघतो, बोटाने दाबून खळगा उरतो का बघतो. आईने मला बाजारात उभं करून हे शिकवलं, आणि शिजवून खायच्या माशासाठी ते शंभर टक्के बरोबर आहे. कच्च्या माशाला ते पुरत नाही. हा जंत ताज्या माशातही जिवंत असतो. मासा जिवंत असताना तो बहुतेक वेळा माशाच्या आतड्यांभोवती गुंडाळी करून पडलेला असतो. मासा मेला, वेळ गेला, पोट साफ केलं नाही, की तो मांसात सरकतो. म्हणजे ताजेपणा ही एक गोष्ट आणि बिनधोकपणा ही दुसरी. त्या रात्रीच्या साबाचे कल्ले आईने पाहिले असते तर तिनेही तो पसंत केला असता.

मीठ, व्हिनेगर, वासाबी, आलं, सोया सॉस, साके यांपैकी कशानेही, स्वयंपाकात वापरतो तेवढ्या प्रमाणात, आनिसाकिस मरत नाही. वासाबी जंतनाशक आहे असं छातीठोक सांगणारे मला जपानी लोकांतही भेटले आहेत. नेहमीच्या स्वयंपाकघरात खरे उपाय दोनच, उष्णता आणि थंडी. जपानच्या आरोग्य मंत्रालयाची शिफारस अशी, की मासा उणे २० अंश सेल्सिअसला किमान २४ तास गोठवावा, किंवा ६० अंशाला मिनिटभर तापवावा. ७० अंशांच्या वर गेलात तर जंत तत्काळ मरतो. अमेरिकेचा नियम आणखी कडक, उणे २० ला सात दिवस. घरच्या फ्रीजचा बर्फाचा कप्पा बहुधा उणे १८ च्या आसपास असतो आणि दिवसभर उघडला जातो, तेव्हा तो यात धरू नये.

यावरून एक निष्कर्ष निघतो, आणि तो पुष्कळांना आवडत नाही. फिरत्या पट्ट्यावर ताटल्या येतात त्या मोठ्या साखळी दुकानांत बराचसा मासा गोठवून आलेला असतो. दूरच्या समुद्रातली ट्युना तर बोटीवरच उणे ६० अंशांपर्यंत गोठवतात. सामन बहुधा नॉर्वे किंवा चिलीच्या मत्स्यशेतांतला, पोसलेला, दाणा खाऊन वाढलेला. अशा साखळी दुकानांत या जंताची भीती खूप कमी. उलट 'आमच्याकडे गोठवलेलं काही नाही' असं सांगणाऱ्या छोट्या दुकानात ती जास्त. म्हणून छोटी दुकानं टाळा असं मी म्हणणार नाही, कधीच नाही. सुशी हे अन्नच मुळी छोट्या जागेतलं आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, ती रस्त्यावरच्या टपऱ्यांवर विकली जायची, आणि निगिरीच्या, म्हणजे भाताच्या मुटक्यावर माशाचा तुकडा ठेवलेल्या सुशीच्या, जनकाचा मान परंपरेने हानाया योहेई या विक्रेत्याला दिला जातो. जगभर गाजलेलं सुकियाबाशी जिरोसुद्धा गिंझातल्या एका इमारतीच्या तळघरात आहे आणि तिथे काउंटरवर जेमतेम दहा जण बसतात. दुकान छोटं आहे किंवा त्याचं नाव कुणाला माहीत नाही, एवढ्यावरून आतल्या माशाबद्दल काहीच कळत नाही. ते कळतं काउंटरपलीकडचा माणूस माशावर काय काम करतो यावरून.

छोट्या दुकानाचा मोठा फायदा हाच, की ते काम डोळ्यांपुढे चालतं आणि करणाऱ्याला विचारता येतं. बर्फ नव्हता त्या काळात एदोच्या कारागिरांनी मासा टिकवायच्या रीती बसवल्या. ट्युना सोया सॉसमध्ये मुरवायची, कोहादा हा छोटा चंदेरी मासा मीठ-व्हिनेगरमध्ये घालायचा, आनागो हा वामेसारखा मासा मंद आचेवर शिजवायचा, कोळंबी उकडायची. चांगला ताइशो माकुळावर सुरीने जाळीसारख्या बारीक चिरा देतो. त्याने तुकडा मऊ होतो आणि आत जंत असला तर तोही कापला जायची शक्यता वाढते. मासा प्रकाशासमोर धरून नीट न्याहाळतो. हे सगळं काउंटरवर बसून दिसतं. तुमच्या पुढ्यातल्या माणसाची फळी, फडकं, हात धुण्याची सवय, काचेच्या थंड पेटीत मासे कसे ठेवले आहेत, हेही दिसतं. जपानमध्ये खाद्यगृहांत सहसा परवान्याचा कागद आणि स्वच्छतेची जबाबदारी असलेल्या व्यक्तीची पाटी लावलेली असते. ती आहे का बघावी.

आणि विचारावं. भारतीय माणसाला इथे संकोच होतो. एवढा मान असलेल्या कारागिराला 'मासा गोठवलाय का' विचारणं म्हणजे त्याचा अपमान, असं वाटतं. तसं नाही. "साबा वा इचिदो रेइतो शिते इमास का?" एवढं वाक्य हसून विचारलं की कुठलाही ताइशो सरळ उत्तर देतो. साबा एकदा गोठवलेला आहे का, इतकंच त्यात विचारलेलं आहे. 'हो' आलं तर निश्चिंतपणे खा. 'नाही' आलं तर साबा, सानमा, कात्सुओ, रानटी सामन आणि अखंड माकूल यांचा विचार स्वतः करा. मी शिमे-साबा आता 'हो' आलं तरच घेते. क्यूशूत, फुकुओकाकडे, लोक साबा सर्रास कच्चा खातात. त्याचं एक कारण असं, की जपानच्या पश्चिमेकडल्या समुद्रातल्या साबात या जंताची जी जात जास्त सापडते ती सहसा आतड्यांतच राहते, मांसात कमी शिरते. टोकियोकडे येणारा पॅसिफिकमधला साबा तसा नाही. म्हणजे एका गावात बरोबर असलेली गोष्ट दुसऱ्या गावात जशीच्या तशी लागू पडत नाही. होक्काइदोत रानटी सामन गोठवून, पातळ कापून, अर्धवट बर्फाळ असतानाच खातात. ऐनू लोकांची ही 'रुईबे' नावाची रीत आहे आणि तिच्यात मोठं शहाणपण आहे.

बाकीचं झटपट सांगते. भिंतीवर किंमत नसेल आणि 'जिका' लिहिलं असेल तर तो त्या दिवसाचा बाजारभाव, खाण्याआधी विचारा. 'ओमाकासे' म्हटलंत की निवड ताइशोची, तेव्हा बजेट आधी सांगितलेलं दोघांनाही बरं. पहिल्यांदा जायचं तर दुपारी जा, दुपारचं ठरावीक निगिरीचं ताट रात्रीच्या मानाने खूप स्वस्त पडतं. अशा कित्येक ठिकाणी कार्ड चालत नाही, रोख येन ठेवा. अत्तर, परफ्युम नको. जागा राखून ठेवली असेल आणि बेत बदलला तर फोन कराच, कारण आठ खुर्च्यांतल्या चार रिकाम्या राहिल्या तर त्यांचा सकाळी आणलेला मासा वाया जातो. निगिरी पुढे आली की गप्पा थांबवून खा, भात अंगाच्या उबेइतका गरम असतो तोवर. गर्भवती असाल तर कच्चं नकोच, आणि ट्युना शिजवलेलीही बेताने: पाऱ्यामुळे ब्लूफिन आणि बिगआय ट्युना आठवड्याला साधारण ८० ग्रॅमपर्यंतच खावी असं जपानचं आरोग्य मंत्रालय गर्भवतींना सांगतं.

सोबत शाकाहारी माणूस असेल तर जास्त जपा. काकडीचे कप्पा-माकी, उमेबोशी आणि शिसोच्या पानाचे रोल, लोणच्याचे रोल मिळतात. पण गोड ऑम्लेटमध्ये, मिसो सूपमध्ये, कित्येकदा दुधीच्या कान्प्योमध्येही 'दाशी' नावाचा रस्सा असतो, आणि तो बहुधा वाळवलेल्या कात्सुओ माशाचा असतो. फळी आणि सुरीही तीच. माझ्या मते पक्क्या शाकाहारी पाहुण्यांना अशा काउंटरवर नेऊच नये. त्यांनाही त्रास, ताइशोंनाही त्रास.

पोटात कळ उठलीच, तर ओवा आणि अँटासिडवर रात्र काढू नका. टोकियोत #७११९ वर नर्सचा सल्ला मिळतो, फारच दुखत असेल तर ११९. ॲम्ब्युलन्सचे पैसे लागत नाहीत, हॉस्पिटलचे मात्र लागतात, म्हणून प्रवास विमा काढलेला असावा. काय खाल्लं, किती वाजता खाल्लं, हे लिहून न्या. अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, श्वास लागला, तर क्षणही घालवू नका: काहींना या जंताची ॲलर्जी होते, आणि ती मेलेल्या जंतानेही होऊ शकते. सगळ्यात जास्त काळजी परतीच्या विमानात बसणाऱ्यांची वाटते. शेवटच्या रात्री सुशी खायची, सकाळी विमान पकडायचं आणि मुंबईत उतरल्यावर दुखणं सुरू, असं सहज घडू शकतं. आपल्याकडे कच्चा मासा खायची रीत नाही, त्यामुळे तो प्रश्न डॉक्टरांना सुचेलच असं नाही. अपेंडिक्स, अल्सर, पित्ताशयातले खडे यांच्या तपासण्या सुरू होण्याआधी तुम्हीच सांगा, की जपानमध्ये कच्चा मासा खाल्ला आहे आणि तिथे आनिसाकिस असतो.

आणखी एक गोष्ट, जी मला त्या वेळी जड गेली. जपानच्या कायद्याप्रमाणे अन्नविषबाधा दिसली की डॉक्टरला आरोग्य केंद्राला कळवावं लागतं. माझ्या डॉक्टरांनीही कळवलं. केंद्रातल्या बाईंचा फोन आला, आधीच्या दिवसांत काय काय खाल्लं ते त्यांनी शांतपणे विचारून घेतलं. त्या दुकानाला एका दिवसासाठी कच्चा मासा देणं बंद ठेवायला सांगितलं गेलं. म्हाताऱ्या जोडप्याच्या पोटावर पाय आला असं वाटून मी बेचैन झाले. पण न कळवणं हा त्यांच्यावरचाच अन्याय ठरला असता. त्याच माशाचा दुसरा तुकडा दुसऱ्या कुणी खाल्ला असेल, आणि आपल्या हातून गेलेल्या माशात काय होतं हे ताइशोंना कसं कळणार? दुखणं झाकून त्या दुकानात पुन्हा कधीच न जाणं हे सगळ्यांत वाईट, असं माझं ठाम मत आहे. बरी झाल्यावर मी गेले. ताइशोंनी काउंटरबाहेर येऊन वाकून माफी मागितली, आणि मग आमचं दहा मिनिटं साबावरच बोलणं झालं. आता ते साबा मीठ-व्हिनेगर झाल्यावर गोठवतात. पोत थोडा मऊ पडतो, ही त्यांची हळहळ खरी आहे. फुकुओकाची एक मत्स्यकंपनी आणि कुमामोतो विद्यापीठ यांनी विजेचे जोरदार झटके देऊन, न गोठवता, माशातला हा जंत मारायची यंत्रणा उभी केली आहे, हे त्यांनीच मला सांगितलं. ती आपल्यासारख्या दुकानापर्यंत कधी पोचते याकडे त्यांचं लक्ष आहे.

अलीकडे पुणे-मुंबईत सुशीची आवड वाढली आहे आणि मुलं ती घरी करून बघतात. माझ्या भाचीने परवा व्हिडिओ कॉल करून फडफडीत बांगडा दाखवला आणि विचारलं, "मावशी, याचं शिमे-साबा करू का?" मी नाही म्हटलं. बाजारात आलेला बांगडा कधी पकडला, पोट कधी साफ झालं, बर्फात किती वेळ होता, यातलं काहीच तिला माहीत नव्हतं. शिवाय बांगडा, सुरमई, ट्युना हे मासे उन्हात राहिले तर त्यांच्यात हिस्टामीन तयार होतं, असा मासा खाल्ला की तोंड लाल होतं, डोकं ठणकतं, आणि हिस्टामीन शिजवूनही जात नाही. तेव्हा बर्फाशिवाय पडलेला मासा कालवणालाही घेऊ नये. हा मासा मात्र बर्फातला होता, थंडगार होता. भाचीने सुशीसाठी कोळंबी उकडून घेतली, काकडीचे रोल केले, आणि बांगड्याचं तिरफळ घालून तिखलं केलं.